मोटारीतील नियंत्रकांचे मौन आणि त्याचे निदान

आधुनिक मोटारीत इंजिन, ब्रेक, गिअर इत्यादींवर देखरेख करणारे स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात आणि त्यांचे परस्परसंभाषण बहुधा एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून चालते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीररीत्या मांडलेल्या ह्या योजनेस ‘कॅन’ असे म्हणतात. तीतील संदेशावर श्रोत्याचे नाव नसते. असतो तो केवळ विषयदर्शक अंक. एकाने बोलावे, सर्वांनी ऐकावे आणि ज्याला प्रयोजन असेल त्याने घ्यावे, असा हा व्यवहार होय.

ह्या व्यवहारात खंड पडला म्हणजे निदानयंत्रावर ‘यू’ अक्षराने आरंभ होणारे दोषांक उमटतात. उदाहरणार्थ, ‘यू ०१२१’ म्हणजे एबीएस ब्रेकच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला. दोषांकात ज्याचे नाव तोच बिघडला, असे समजून पुष्कळदा महागडा नियंत्रक बदलला जातो आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो. वस्तुतः हे विधान श्रोत्याचे आहे. ‘त्याचे बोलणे मला ऐकू आले नाही’ एवढेच त्यात म्हटलेले असते. ‘तो मुका झाला’ असे नव्हे. म्हणून तक्रार कोणाची आहे, हे आधी पाहिले पाहिजे. सर्व नियंत्रक एकाविषयीच तक्रार करीत असतील, तर त्या एकाचा फ्यूज, अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणारा तारांचा फाटा तपासावा. उलट, एकटाच इतर सर्वांविषयी तक्रार करीत असेल, तर संशय त्याच्याच फाट्यावर घेणे युक्त. मात्र फाटा पूर्ण तुटला असल्यास त्याची तक्रार निदानयंत्रापर्यंत पोचतच नाही. ती वाचावयास मिळते ती दोष अधूनमधूनचा असेल तेव्हाच.

त्यानंतर मापन. बॅटरी सोडवून निदान-सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांमधील रोध मोजावा. मुख्य तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असल्यामुळे मीटरवर सुमारे ६० ओहम दिसावयास हवेत. १२० दिसले तर एक टोक सुटले आहे. शून्याच्या आसपास दिसले तर दोन्ही तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. ज्या गाडीत सॉकेटमागे गेटवे नियंत्रक असतो, तेथे हे मापन मुख्य तारांवरच करावे लागते.

तथापि ६० ओहम म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. फाटा तुटला किंवा एखादी तार गाडीच्या सांगाड्यास टेकली, तरीही हा आकडा बदलत नाही. म्हणून बॅटरी जोडून व्होल्टही पाहावे लागतात. शांततेत दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलताना एक ३.५ पर्यंत चढते, दुसरी १.५ पर्यंत उतरते. एखादी तार शून्यावरच खिळली असेल, तर एकेक नियंत्रक सोडवीत जावे. ज्याला सोडविताच इतरांचे संभाषण सुरू होते, दोष त्याच्यात किंवा त्याच्या फाट्यात आहे. पाण्याने गंजलेला कनेक्टर मात्र ह्या साऱ्या परीक्षांतून निसटू शकतो. तेथे मीटरवर नजर ठेवून तारांचा जुडगा हाताने हलवून पाहणे, हाच जुना उपाय उरतो.