हरळीचे पाते आणि उंदराचा दात

नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात शेतकरी दोघांना सारखाच वैतागतो : हरळीला आणि उंदराला. एक गवत, दुसरा सस्तन प्राणी. त्यांच्यात सारखे काय असणार? आपण हरळीचे पाते आणि उंदराचा दात यांची तुलना करून पाहू.

धुऱ्यावरची हरळी शेळ्या रोज चरतात, तरी पाती लांबतच राहतात. कारण वाढणाऱ्या पेशी, म्हणजे विभाजी ऊती, पात्याच्या टोकाशी नसून बुडाशी असतात. टोक गेले तरी वाढते पाते खालून वर सरकते.

त्याच धुऱ्यात छोटा शेतउंदीर (मस बुडुगा) बीळ करतो. वजन जेमतेम 10-12 ग्रॅम. त्याच्या पटाशीच्या दातांच्या मुळाशी असलेल्या पेशी आयुष्यभर दात घडवत असतात. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल, मागे त्याहून मऊ दंतिन. मागची बाजू लवकर झिजते आणि सुताराच्या पटाशीसारखी धार कायम राहते. समोरचा दात कायमचा गेला, तर झीज थांबते. दात वाढत जातो आणि उंदराची उपासमार होते.

म्हणजे दोघांची सोय एकच : टोकाला झीज, बुडाशी भर.

मात्र उंदराच्या शरीराचा तुकडा वेगळा जगत नाही. हरळीच्या जमिनीतल्या खोडांना, म्हणजे काशांना, प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो. वखराने काशा तुटल्या की ओल मिळताच तुकड्यांतून नवी रोपे उगवतात. म्हणून पाती कापून हरळी जात नाही; उन्हाळी नांगरटीनंतर काशा वेचून रानाबाहेर काढाव्या लागतात.

हे वर्गात पडताळता येईल. हरळीचे पाते बारीक असते, म्हणून तिच्याच कुळातील ज्वारीचे कोवळे रोप घ्यावे. पोग्यातून बाहेर येत असलेल्या पात्यावर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर मार्करने ठिपके द्यावेत आणि त्यांच्या वरचे टोक कापावे. शेजारी भोपळ्याच्या कोवळ्या पानावर चौकोन आखावेत. तीन-चार दिवसांनी ज्वारीच्या ठिपक्यांमधील अंतर जवळजवळ तेवढेच दिसेल, पण सगळी रांग वर सरकलेली असेल. भोपळ्याचे चौकोन मात्र पानभर मोठे झालेले असतील.

ज्यांना रोप मिळणार नाही, त्यांनी आपल्याच नखाच्या बुडाशी मेंदीचा ठिपका द्यावा. तो काही आठवड्यांत कोणत्या दिशेने सरकतो, याची नोंद विद्यार्थ्यांनीच ठेवावी.