ताऱ्यांचा अखंड षड्ज

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. भूमि हलणें म्हणजे काय, हें आमच्याकडील घरांस सांगावयास नको. त्याच मराठवाड्यांत, हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथनजीक, 'लायगो-इंडिया' या वेधशाळेस केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांस मात्र भूमीचा लेशमात्र कंपही खपणार नाहीं. त्यांनीं टिपावयाचे ते गुरुत्वतरंग, म्हणजे खुद्द अवकाशाचीं आंदोलनें!

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंत असा तरंग प्रथम टिपला गेला. दोन कृष्णविवरांच्या मीलनाची ती मृदंगावरील एक थाप. गिरक्या घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा तरंग तंबोऱ्याच्या षड्जासारखा अखंड, परंतु अतिक्षीण. आणि ताऱ्याच्या पृष्ठावर किंचित् उंचवटा असेल तरच तो उमटावयाचा. 'क्रॅब' तेजोमेघांतील तारा सेकंदास सुमारें ३० गिरक्या घेतो. त्याचा सूर दुपटीवर, ६० कंपनांच्या आसपास शोधतात. पृथ्वीच्या भ्रमणामुळें तोही चढतो-उतरतो. अज्ञात ताऱ्यांचें गणित तर इतकें अवाढव्य, कीं 'आइनस्टाइन ॲट होम' उपक्रमांत २००५ पासून सामान्य कुटुंबेंही घरचे रिकामे संगणक या कामीं लावीत आलीं आहेत. आम्हांस ही वर्गणी फार आवडली.

सूर अद्याप सांपडलेला नाहीं. तथापि 'क्रॅब'चा तारा मंदावतांना जी ऊर्जा गमावतो, तिचा शंभरावा हिस्साही या तरंगांवाटे जात नाहीं, एवढें त्या शोधानेंच ठरलें.