रविवारी दहा वाजेपर्यंतची झोप: आळस की थकबाकी?

आजचा विषय घरोघरी भांडणाचा आहे, तेव्हा आपण सरळ हिशेबापासूनच सुरुवात करू.

नववीतला एक मुलगा धरून चला. शाळा सकाळी ७ ची. तो रात्री १२ ला झोपतो आणि ६ ला त्याला उठवावं लागतं. म्हणजे ६ तास झोप. शनिवारी रात्री तो १ ला झोपतो, रविवारी १० ला उठतो. म्हणजे ९ तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयासाठी ८ ते १० तास झोप सांगितली. आपण कमीत कमी ८ धरू. शाळेच्या सहा रात्रींची तूट झाली १२ तास, आणि रविवारी हातात पडला जास्तीचा एक तास. झोपेचं कर्ज तासाला तास असं फिटत नाही हे खरं. पण या मुलाला आपण आळशी म्हणायचं का?

आता पालक हमखास विचारतात, "मग रात्री लवकर का झोपत नाही?" मोबाईल हे एक कारण आहेच. पण मोबाईल काढून घेतला तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण या वयात शरीरातच दोन बदल होतात. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी त्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. पहिला बदल घड्याळाचा. मेंदूतलं जैविक घड्याळ अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. वयात येताना ही वेळ पुढे सरकते, काहींच्या बाबतीत दोन तासांपर्यंत. दुसरा बदल झोपेच्या दाबाचा. जागं राहू तसा हा दाब वाढत जातो. लहान मुलात तो भराभर चढतो, मोठ्या मुलात सावकाश. त्यात आणखी एक गंमत बघा. आपली नैसर्गिक झोपेची वेळ येण्याआधीचे दोन-तीन तास मेंदू चांगला तरतरीत असतो. म्हणून ९ वाजता दिवा घालवला, तरी पोरगं छताकडे बघत पडून राहतं.

मग रविवारी भरपूर झोपू द्यावं का? इथे खरी अडचण आहे. १२ ते ६ या झोपेचा मध्य पहाटे ३ ला येतो, १ ते १० चा मध्य साडेपाचला. फरक अडीच तासांचा. भारत आणि रियाध यांच्या घड्याळांत तेवढंच अंतर आहे! जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. विमानात न बसता दर आठवड्याला केलेला प्रवासच हा. रविवारी १० ला उठलेल्या मुलाला रात्री १० पर्यंत जागून फक्त १२ तास झालेले असतात. दाब पुरेसा चढलेला नसतो. घड्याळ मागे ओढणारं सकाळचं ऊनही हुकलेलं असतं. म्हणून रविवारी रात्री झोप येत नाही, आणि सोमवारी पहिल्या तासाला मूल वर्गात फक्त शरीराने हजर असतं.

घरी काय करता येईल? रविवारी नेहमीपेक्षा तास-दीड तासच उशिरा उठवायचं. तूट भरायला दुपारी अर्धा तास झोप चालेल, पण ४ च्या आत. उठल्यावर गच्चीत किंवा गॅलरीत उजेडात चहा-दूध. रात्री मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर.

पण सगळा भार घरावर टाकणंही बरोबर नाही. ६ ला उठून ८ तास झोप मिळवायची तर रात्री १० ला डोळा लागायला हवा, आणि या वयाच्या अनेक मुलांचं शरीर त्याला तयारच नसतं. अमेरिकेत सिअॅटलने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मनगटावरच्या यंत्रांनी मोजलं तेव्हा शाळेच्या दिवसांतली झोप ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. वेळ वाढवून दिली तर मुलं आणखी जागतील, ही भीती खरी ठरली नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं ८:३० च्या आधी भरवता येत नाहीत.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. हेतू चांगला. पण ज्याचं घड्याळ सर्वांत उशिरा चालतं, तो आठवी ते बारावीचा विद्यार्थी त्यात नाही. दोन सत्रांच्या शाळेत लहानांना उशिराची वेळ दिली, की सकाळची ७ ची वेळ मोठ्यांच्याच वाट्याला यायची शक्यता जास्त. इमारत एक, वर्ग अपुरे, संध्याकाळी क्लास. या अडचणी खऱ्या आहेत. तरीही पुढच्या पालकसभेत वेळापत्रकाचा विषय निघाला, तर आजचा हा १२ तासांचा हिशेब फळ्यावर मांडून बघा, एवढीच आमची विनंती.