कोयता, कणा आणि पिलाटीज

८ सप्टेंबर २०२५ चा जागतिक फिजिओथेरपी दिन पार पडतो न पडतो तोच दुसऱ्या दिवशी केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावू नये असा हुकूम काढला आणि लगोलग तो मागेही घेतला. त्या हुकुमावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशानेही या प्रश्नाचा विचार झाला नाही की, दुखावलेल्या शरीराला पुन्हा कामाजोगते करण्याची विद्या ज्यांच्या हाती आहे, ती माणसे सोनईसारख्या गावी ऊसतोड्याच्या खोपीपर्यंत पोहोचणार केव्हा.

सोनईच्या मुळा साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बीड, पाथर्डी, शेवगावकडून टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीलाच तेथे ‘कोयता’ म्हणतात. कमरेतून वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायचे, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, कंबर धरली तरी, पट्टा आवळून किंवा सुई टोचून घेऊन हे सारे रेटायचे, असा हा क्रम असतो. विश्रांती घ्या, हा सल्ला अशा माणसाला देण्यात काही अर्थ नाही; त्याला हवी आहे ती हालचाल सुधारण्याची विद्या, आणि म्हणूनच मुंबई-पुण्याच्या काचेच्या दालनांत वावरणाऱ्या पिलाटीज नावाच्या व्यायामपद्धतीकडे मला इतक्या आस्थेने पाहावेसे वाटते.

जोसेफ पिलाटीज १८८३ साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या कैदेत आइल ऑफ मॅन बेटावर असताना त्यांनी सहबंदींना व्यायाम शिकविला, आणि पुढे न्यूयॉर्कला त्यांच्या व्यायामशाळेत दुखावलेले नर्तक येऊ लागले. एकाग्रता, श्वास, अचूकता, ओघ, नियंत्रण आणि शरीराचा मध्यभाग ही त्या पद्धतीची सूत्रे होत. आवर्तने किती झाली यापेक्षा प्रत्येक आवर्तन कसे झाले, याला तीत मोल आहे. मुंबईच्या नम्रता पुरोहित घोड्यावरून पडल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातून सावरताना गवसलेली हीच पद्धत पुढे त्यांचा व्यवसाय झाली.

मध्यभागाचे हे महत्त्व केवळ श्रद्धेचे नाही. पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू कमरपट्ट्यासारखा धडाला वेढून असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधक हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ साली असे दाखविले की, निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हाताच्या स्नायूंआधीच हा स्नायू आकुंचन पावतो. कंबरदुखीच्या रुग्णात मात्र तो उशिरा जागा होतो.

सोनई ज्या तालुक्यात आहे त्याच नेवाशात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि तिच्या सहाव्या अध्यायात आसनाबरोबर मूळबंध, जालंधर आणि पोट आत ओढून घेण्याचा बंध यांचे सविस्तर वर्णन आहे. पिलाटीजने ते आपल्याकडून घेतले असे मी म्हणत नाही, आणि त्या बंधांचा हेतूही कंबरदुखी घालविणे हा नव्हता. परंतु धडाच्या तळाशी लक्ष नेण्याची कल्पना या मातीला परकी नाही, हे सांगताना मला आनंद होतो.

पुरावा काय सांगतो? पिलाटीज आणि कंबरदुखी यांवरील चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्ण होते. जवळजवळ काहीच उपचार न घेण्यापेक्षा पिलाटीजने कंबरदुखी कमी होते, मात्र इतर व्यायामांहून ते श्रेष्ठ आहे असे सिद्ध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. काहींना यात निराशा वाटते. मला तर ही शुभवार्ता वाटते, कारण पिलाटीजच्या दालनांतील स्प्रिंगा लावलेल्या महागड्या यंत्रावाचून काही अडत नाही, एवढेच त्यातून निघते. सतरंजीवर उताणे पडून, गुडघे दुमडून, उच्छ्वासाबरोबर ओटीपोट हलकेच आत घ्यावे आणि कणा न हलविता एक टाच सरकवावी. हे साधल्यावर हातपाय टेकून ओणवे होऊन एक हात व त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय उचलावा. आणि शेवटी पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकत वजन उचलावे, आधी रिकाम्या हाताने, मग अर्ध्या मोळीने. ही शेवटची पायरी गाळली तर आधीच्या दोन्ही व्यर्थ, कारण त्याला परत जायचे आहे ते फडातच.

मात्र पायात बधिरपणा उतरत असेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना तर पाठ गोल करून पुढे वळण्याचे पिलाटीजमधील प्रकार देऊच नयेत. त्या प्रकारांनी मणका मोडण्याची भीती असते. पारख करणारे जाणते माणूस हवे ते यासाठी.

असे जाणते तयार करणारी फिजिओथेरपी महाविद्यालये सोनईच्याच जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात आहेत, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या दर टनामागे कारखान्यांकडून निधीही घेतला जातो. त्या निधीतून आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांची हंगामभर टोळ्यांच्या वस्तीवर नेमणूक करण्याची तजवीज व्हावी, आणि तीही हंगामाच्या आरंभीच, पहिली मोळी डोक्यावर चढण्याआधी.