सार्वजनिक शोकाची दिशा : स्टीव्ह अर्विन यांची स्मृतिसभा

ज्याच्याशी रक्ताचे, गावाचे वा व्यवसायाचे कोणतेही नाते नाही, ज्याची कधी प्रत्यक्ष भेटही झालेली नाही, अशा व्यक्तीच्या निधनाने लक्षावधी माणसे शोकाकुल होतात, ही आधुनिक समाजातील एक लक्षणीय घटना होय. तिच्याकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी अशा शोकास प्रसारमाध्यमांनी चेतवलेला क्षणिक भावनावेग मानते. दुसरीस त्यात जनमनाच्या निष्कपट प्रेमाचा आविष्कार दिसतो. शोक खरा की खोटा, या एकाच प्रश्नाभोवती दोन्ही दृष्टी घुटमळत राहतात आणि त्यामुळे अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. तो असा की, शोक सामुदायिक झाला म्हणजे त्यास कोणती दिशा लाभते व ती कोण ठरवते? २००६ च्या सप्टेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियात जे घडले त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्टीव्ह अर्विन यांचा जन्म १९६२ चा. क्वीन्सलंड राज्यातील बीअरवा येथे त्यांच्या आईवडिलांनी उभारलेल्या सर्पोद्यानाचा त्यांनी पुढे ‘ऑस्ट्रेलिया झू’ या नावाने मोठा विस्तार केला. ‘द क्रोकोडाइल हंटर’ या दूरचित्रवाणीमालिकेमुळे त्यांचा खाकी वेष, उत्साहाने ओसंडणारे बोलणे आणि मगरींशी चाललेली धीट झटापट जगभरच्या प्रेक्षकांच्या परिचयाची झाली. दिनांक ४ सप्टेंबर २००६ रोजी ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरातील बॅट रीफ येथे चित्रीकरण चालू असता एका पाकट माशाच्या शेपटीवरील काटा त्यांच्या छातीत घुसला व त्यातच त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. हे वृत्त पसरताच प्राणिसंग्रहालयाच्या प्रवेशद्वाराशी लोकांची रीघ लागली. फुलांचे ढीग साचले. संदेश लिहिलेले खाकी सदरे तेथे वाहण्यात आले.

या लोकांचे मृत व्यक्तीशी नाते तरी कोणते? मराठी समाजात सुतक कोणी व किती दिवस पाळावे हे नात्यावरून ठरते; शोकाचा अधिकार व शोकाची मर्यादा ही दोन्ही त्यात आपोआप निश्चित होतात. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकास अशी कोणतीही पूर्वनियोजित जागा नसते. डोनल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की, पडद्यावरून थेट प्रेक्षकास उद्देशून बोलणाऱ्या व्यक्तीविषयी ओळखीची, किंबहुना घरोब्याची भावना निर्माण होते. मात्र ही निकटता एकतर्फी असते. अर्विन यांच्या बाबतीत ती विशेष दृढ होती, कारण त्यांचा विवाह, त्यांची पत्नी टेरी व त्यांची मुले ही सर्व त्या चित्रणाचाच भाग होती. प्रवेशद्वाराशी वाहिलेला सदरा हा या एकतर्फी नात्यास दृश्य रूप देण्याचा प्रयत्न होता. ज्यांस सुतक नाही, त्यांनी स्वतःसाठी निर्माण केलेले ते शोकचिन्ह होते, असे म्हणता येईल.

तथापि केवळ व्यक्तिगत भावनेच्या आधारे या घटनेचा पूर्ण उलगडा होत नाही. एमिल द्युर्केम यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धर्मविषयक ग्रंथात शोकविधींची मीमांसा केली आहे. तिचा आधार ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांविषयी स्पेन्सर व गिलन यांनी दिलेली वृत्तांतेच होत, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. द्युर्केम यांच्या मते शोक हे समूहाने व्यक्तीवर घातलेले कर्तव्य असते. जो शोकात सहभागी होत नाही तो समूहाच्या रोषास पात्र ठरतो. अर्विन यांच्या निधनानंतर मूळच्या ऑस्ट्रेलियन असलेल्या लेखिका जर्मेन ग्रीअर यांनी ब्रिटनमधील एका वृत्तपत्रात, प्राणिसृष्टीने अखेर आपला सूड उगवला, अशा आशयाची कठोर टीका केली. प्राण्यांना हाताळून त्यांचे प्रदर्शन करावे काय, हा त्यांचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. यापूर्वी २००४ च्या जानेवारीत तान्ह्या मुलास एका हातावर घेऊन मगरीस खाद्य भरवल्याबद्दल अर्विन यांच्यावर ऑस्ट्रेलियातही टीका झालीच होती. परंतु शोकाच्या दिवसांत उच्चारलेल्या या मतावर जो संताप उसळला, तो युक्तिवादाच्या खंडनापुरता मर्यादित राहिला नाही. कर्तव्यभंगाबद्दल समूहाने दिलेली ती शिक्षा होती.

द्युर्केम यांच्या विवेचनातील दुसरा विचार अधिक गंभीर आहे. दुःखाने क्षुब्ध झालेल्या समूहास आपला क्षोभ काढण्यासाठी कोणीतरी बळी हवा असतो. मग तो खरोखर अपराधी असो वा नसो. अर्विन यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर मेलेले पाकट आढळले. काहींच्या शेपट्या छाटलेल्या होत्या. ही कृत्ये करणाऱ्यांचा हेतू सिद्ध झाला नाही. तथापि ती सूडबुद्धीने झाली असावीत, ही शंका सर्वत्र व्यक्त झाली आणि अर्विन यांच्या वन्यजीवसंस्थेच्या प्रमुखांस त्यांचा जाहीर निषेध करावा लागला. शंका खरी असेल, तर ज्याने आयुष्यभर भयावह मानल्या गेलेल्या प्राण्यांची बाजू घेतली, त्याच्याच नावे एका निरपराध प्राण्यावर सूड उगवला गेला. प्रेम खरे होते म्हणून त्याची दिशा योग्यच राहील, याची शाश्वती नसते, हे येथे स्पष्ट होते.

या पार्श्वभूमीवर स्मृतिसभेचे महत्त्व ध्यानात येते. क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री पीटर बीटी यांनी शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार करण्याची तयारी दर्शवली होती. आपला मुलगा स्वतःस सामान्य माणूसच समजत असे, या भूमिकेवरून वडील बॉब अर्विन यांनी ती नाकारली. अंत्यविधी ९ सप्टेंबर रोजी खाजगी रीतीने झाला. सार्वजनिक सभा दिनांक २० रोजी प्राणिसंग्रहालयातील ‘क्रोकोझियम’ या प्रेक्षागारात, म्हणजे मगरींचे प्रयोग होत त्याच जागी, सुमारे ५,५०० लोकांच्या उपस्थितीत भरली व तिचे प्रक्षेपण देशोदेशी झाले. देह कुटुंबाचा आणि स्मृती सर्वांची, अशी ही विभागणी होती. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचे भाषण झाले; परंतु सभेचा केंद्रबिंदू शासन नव्हे, कुटुंबच राहिले. आठ वर्षांच्या बिंडी या कन्येने वडिलांचे कार्य पुढे चालू राहावे अशी इच्छा सांगितली. बॉब अर्विन यांनी तर श्रोत्यांस सांगितले की, शोक स्टीव्हसाठी नको, प्राण्यांसाठी करा. त्यांचा सर्वांत जवळचा मित्र गेला आहे. शेवटी अर्विन यांची गाडी त्यांच्या सामानासह बाहेर नेण्यात आली आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या तोंडचा ‘क्रायकी’ हा उद्गार पिवळ्या फुलांनी जमिनीवर रेखला.

बॉब अर्विन यांच्या त्या वाक्याकडे केवळ पित्याचा उद्गार म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्याचा शोकावरील अधिकार कोणासही नाकारता येत नव्हता, त्यानेच तो शोक स्वतःकडे न ओढता प्राण्यांकडे वळवला. अनोळखी प्रेक्षकांस त्यामुळे एक निश्चित जागा मिळाली. नातलग म्हणून नव्हे, तर एका कार्याचे सहभागी म्हणून त्यांनी शोक करावयाचा होता. आणि ज्या प्राणिसृष्टीतून मृत्यू आला, तीच आता अपराधी न राहता सहशोकी ठरली. सूडाची वाट याहून परिणामकारक रीतीने बंद करणे कठीण होते.

पुढील काळात या दिशेस काही प्रमाणात स्थैर्य आले. २००७ मध्ये केप यॉर्क द्वीपकल्पातील सुमारे १,३५,००० हेक्टर भूमी अर्विन यांच्या नावे राखीव झाली. तेथे बॉक्साइटच्या खाणीचा प्रस्ताव आला असता दीर्घ लढ्यानंतर २०१३ मध्ये राज्यशासनाने त्या क्षेत्रास संरक्षण दिले. अर्थात प्रत्येक शोकसभेचे फलित असे मोजता येत नाही, आणि प्रेक्षकांपैकी पुष्कळांचा शोक दूरचित्रवाणीसंच बंद होताच ओसरला असेल, हेही मान्य केले पाहिजे. तथापि शोक किती खरा होता याचे माप कोणासही घेता येत नाही. तो कोणाच्या वाट्यास क्षोभ म्हणून गेला व कोणाच्या वाट्यास आस्था म्हणून, हे मात्र पाहता येते. सार्वजनिक शोकाचा अभ्यास करणाऱ्याने आपली दृष्टी तेथेच ठेवणे इष्ट होय.