शिक्षण मोफत झाले, सोबत कोण देणार?

वाशिमपासून रिसोड-मानोऱ्यापर्यंत अभ्यासिकांत डोकावून पाहा. आपली मुले-मुली पुस्तकात डोके खुपसून बसलेली दिसतात. शेजारी-शेजारी, पण प्रत्येक जण एकटा!

आज मोफत अभ्यासक्रमांना तोटा नाही. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ पासून सुरू आहे. ‘एनपीटेल’वर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. शिकायला पैसा लागत नाही. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क भरावे लागते. मग अडते कुठे? नाव नोंदवणे सोपे, टिकणे कठीण. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली शंभरातील जेमतेम तिघांनी शेवट गाठला. मग जिच्या घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही, मोबाईल एकच आणि तोही भावाच्या हातात, त्या मुलीने एकटीने किती झुंजायचे?

शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१५ मध्ये यावर साधा मार्ग काढला. एकच मोफत अभ्यासक्रम निवडलेली माणसे आठवड्यातून एकदा ग्रंथालयात एकत्र बसू लागली. शिक्षक नाही, फक्त बैठक चालवणारा एक जण. हे आपल्याला का जमू नये? पाच-सात जणांनी एक वार ठरवावा. व्याख्यान एका पडद्यावर लावावे, अडले तिथे थांबवावे आणि ज्याला समजले त्याने आपल्या वऱ्हाडीत सांगावे. शंका एका वहीत लिहाव्यात. जुलैत सुरू होणारे बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम नेमके सोयाबीनच्या सोंगणीत सापडतात. मजुरीला गेलेला एकटा मुलगा तिथेच गळतो. गट असेल तर ती वही त्याची वाट पाहील.

जागा कोण देणार, असे विचारू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. शासनमान्य ग्रंथालये जनतेच्या पैशातून अनुदान घेतात. मी वकील म्हणून सांगतो, राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागेत जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, हे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये लिहिले आहे. पण लिहिलेला हक्क आपोआप चालून येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला; तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांसह हजारोंना १९२७ मध्ये महाडला चालत जावे लागले. एकटा कुणी गेला नव्हता!

म्हणून बांधवांनो, येत्या रविवारी पाच जण मिळून आपल्या गावच्या ग्रंथपालाकडे जा. आठवड्यातून दोन तास, एक खोली आणि एक संगणक मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ग्रंथालयात संगणक नसेल तर बुद्धविहारात पडदा लावा, पण अर्ज मागे घेऊ नका. ज्ञानाचे तळे आज खुले आहे. काठावर एकट्याने उभे राहून तहान भागणार नाही.