मोटारींच्या शर्यती आणि चित्रपट

मोटारींची शर्यत हा चित्रपटाला योग्य विषय आहे काय, असा प्रश्न जन्मभर फळ्यापुढें उभ्या राहिलेल्या माणसानें हातीं घ्यावा, याचें श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु नातवंडांच्या आग्रहास्तव अशीं चारपांच चित्रें मीं पाहिलीं, आणि तेवढ्या अवधींत माझें मत दोनदां बदललें.

प्रथम अडचण सांगतों. शर्यत म्हणजे एकाच वाटेनें पुनःपुन्हां फिरणें. कोण पुढें व कोण मागें, हें प्रेक्षकाला लवकरच कळेनासें होतें. आणि ज्या चेहऱ्यावर भय किंवा उमेद वाचावी, तो शिरस्त्राणाखालीं झांकलेला!

दिग्दर्शकांनीं यावर तोड काढली ती वेगाची. जॉन फ्रँकेनहायमर यांनीं १९६६ सालच्या ‘ग्रां प्री’ या चित्रासाठीं धांवत्या गाड्यांवर कॅमेरे बसविले; नट जेम्स गार्नर यांनीं गाडी स्वतः हांकली. या चित्राला ऑस्करचीं तीन पारितोषिकें मिळालीं, तीं ध्वनि, ध्वनिपरिणाम आणि संकलन यांचीं. २०१९ च्या ‘फोर्ड व्ही फेरारी’लाहि दोन मिळालीं, तीं पुनः संकलनाचें व ध्वनिसंकलनाचें. कान आणि कात्री जिंकलीं. कथेच्या वांट्याला पारितोषिक आलें नाहीं.

या वेगाची किंमतहि माणसांनींच भरली आहे. १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ल मां’ या चित्राच्या चित्रणाच्या वेळीं अपघात होऊन डेव्हिड पायपर या शर्यतपटूला एका पायाचा भाग गमवावा लागला. शर्यत खोटी, पण पाय खरा. हें समजल्यावर त्यांतील अप्रतिम दृश्यें मला पूर्वीच्या आनंदानें पाहवेनात.

मग विषय त्याज्य म्हणावा काय? मी तसें म्हणणारच होतों. पण रॉन हॉवर्ड यांचें २०१३ मधील ‘रश’ पाहण्यांत आलें. १ ऑगस्ट १९७६ रोजीं जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग येथें निकी लाउडा यांची गाडी पेटली. चेहरा भाजला, धुरानें फुप्फुसें पोळलीं. सहा आठवड्यांनीं ते मॉन्झाच्या शर्यतींत उतरले व चौथे आले! त्या वर्षाची अखेरची शर्यत ऑक्टोबरांत जपानमध्यें, धो धो पावसांत झाली. दोन फेऱ्या होतांच लाउडा गाडी परत आणून खालीं उतरले. जेम्स हंट तिसरे आले आणि जगज्जेतेपद त्यांना एका गुणानें मिळालें, ६९ विरुद्ध ६८. हे दोघे वस्तुतः मित्र. चित्रानें त्यांच्यांतील वैर फार वाढविलें आहे, तें मला रुचलें नाहीं.

यंत्रांत बिघाड झाला असें सांगूं, असें संघाच्या अभियंत्यानें सुचविलें होतें. लाउडांनीं तें नाकारलें. नापास होण्याचीं कारणें ऐकण्यांत माझीं कित्येक वर्षें गेलीं, परंतु असें उत्तर क्वचितच कानीं आलें. येथें गाडी उभी आहे, शिरस्त्राण निघालें आहे, चेहरा दिसतो आहे. मघाशीं सांगितलेली अडचण येथें उरत नाहीं.